दोन बनियन

मे महिना, फैजपूर. सकाळी नवालाच पत्रा तापलेला,
आणि कुंदन फिरके आला
शर्टाखाली दोन बनियन घालून.
मी विचारलं नाही. लॅबमध्ये अकरा वर्षं झाली,
रक्त काढण्याआधी काय विचारायचं नाही ते शिकावं लागतं.

दंडाला पट्टा बांधायची गरजच नव्हती,
नकाशावरच्या तापीसारख्या शिरा, उपनद्यांसकट.
सुईकडे त्याने पाहिलंही नाही.
सुई त्याच्या ओळखीची.

त्याच्या बायकोची शीर मला तिसऱ्या टोचणीला सापडते.
जयमाला. तीन वर्षांत सात वेळा आली,
दर वेळी सासू बाकावर, पिशवीत अंगाऱ्याची पुडी,
दर वेळी माझ्या हातचा कागद: सगळं ठीक.
ठीक असण्याचीच तिला लाज वाटायची.

त्याच तीन वर्षांत हा दोनदा ‘तापी श्री’ झाला.
स्टँडवरच्या बॅनरवर तेल लावलेली छाती,
खाली सोळा शुभेच्छुक.
जेवणाच्या डब्यातून बाटल्या आणून देणारा
त्यात सतरावा नव्हता.

संध्याकाळी मशीनने आकडा दिला.
एलएच: शून्य पूर्णांक एक.
पुन्हा लावला. शून्य पूर्णांक एक.
दुसऱ्या डबीतला थेंब काचेखाली घेतला,
भिंग फिरवून फिरवून मान अवघडली.
काहीही हलत नव्हतं.

‘मशीन चुकलं असीन, ताई.’
मग मी त्याला सांगितलं, माझं काम नसताना:
मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक गाठ असते.
ती रोज खाली चिठ्ठी धाडते, आज एवढं बनवा.
तू बाहेरून पिंपच्या पिंप ओतलंस.
दारात टँकर उभा असताना
विहिरीतला गाळ कोण काढतं?
चिठ्ठी बंद झाली. खालचा कारखाना आक्रसला.
आणि जास्तीचं जे उरलं, ते शरीर फेकत नाही, बाबा.
शिळ्या भाकरीचा कुस्करा करावा
तसं त्याचं बायकांचं रसायन करतं.
तेव्हा त्याचा हात नकळत छातीशी गेला,
दोन बनियनांवर, जिथे दुखत होतं तिथे.

बराच वेळ पंख्याकडे बघून म्हणाला,
‘आमच्या केयीत कुठी बी ऱ्हाते, ताई?
तरी बाग चालतेच ना.’
हसायला लागला. मग हसणं थांबवता येईना.

कापूस वेचणीच्या दिवसांत दोघं आली.
सासू नव्हती.
शर्ट त्याच्या खांद्यावरून ओघळलेला, आत एकच बनियन.
मध्ये तीन महिने तो अंथरुणातून उठला नाही म्हणे,
टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडायचा.
डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल,
दोन लागतील, कदाचित नाहीच.

शून्य पूर्णांक नऊ.
जयमालाने आकड्याखाली बोट ठेवलं.
‘हे किती पाहिजे?’
मी म्हटलं, निदान दीड-दोन.
तिने कागदाची घडी केली, पदराला पुसून, का कोण जाणे,
आणि त्याच जुन्या पिशवीत ठेवली,
भरताच्या वांग्यांवर.
मग पिशवी त्याच्या पुढ्यात धरली.
‘घ्या. हे तं उचलता येईन ना?’

दोन किलो असतील.