अजमान, रात्री अडीच

गोळी नव्हती तेव्हा मी उंबऱ्यातच अडकायचो.
एका हातात किल्ली, एका हातात पिशवी,
आणि पाय विचारत राहायचे: आधी काय?

आता पाय ऐकतात. फारच ऐकतात.
अडीचला मी रेडिओ खोलतो, स्क्रू बशीत ठेवतो,
मध्येच चहा टाकतो, तो उतू जाईतो
फोनवर सोडतीचं आणखी एक तिकीट.
हरलो तरी चालतं.
आकडा उघडायच्या आधीचं ते अर्धं मिनिट,
सगळे दिरहम तेवढ्यासाठीच.

हेमलताच्या वहीत: तिकिटं एक्केचाळीस,
रेडिओ तीन. जोडलेला एकही नाही.

डॉक्टर कुरियन म्हणाले, "निम्मा दोष गोळीचा,
निम्मा तुमच्या रक्तात आधीपासूनच असावा."
मला देवगडच्या जेटीवरचे बाबा आठवले.
मासा लागला की पाण्यात सोडून द्यायचे,
आणि परत गळ.

आजपासून अर्धीच गोळी. सुरीने कापली,
चिमूटभर पांढरी पूड ओट्यावर उरली.
मग दार. उंबरा.
समोर लिफ्ट उघडली, मिटली, परत उघडली.

हेमलताने हातातली किल्ली काढून घेतली
आणि हळूच म्हणाली,
"आधी डावा."