पूर्वेस ओढा

नोटिसा सगळ्यांना गेल्या होत्या.
उत्तरेस मुलाणी, दक्षिणेस गायरान,
पश्चिमेस कोरेगावचा रस्ता.
पूर्वेस ओढा.
ओढ्याला नोटीस जात नाही.
सहीच्या रकान्यात त्याच्या नावापुढे
एकवीस वर्षं मी लिहीत आले:
लगतधारक गैरहजर.

वैशाखातली मोजणी. अकरालाच टेप हातात धरवेना.
ग्रामसभेचा ठराव ताजा होता:
ओढ्याच्या काठापासून नऊ मीटर
ना भिंत, ना भराव, ना संडासाची टाकी.
सूचक शकीला मुलाणी, अनुमोदक बाबू परीट.
हरकत एकच, प्लॉटिंगवाल्या धनवड्यांची:
"आधी काठ दाखवा, मग नऊ मोजा."

खोटं नव्हतं त्यांचं.
काठ कुठे होता?
गोटे, घाणेरी, एक फाटकी चप्पल,
जेसीबीच्या दातांचे ओरखडे,
आणि मुरमाचा ढीग, जो मार्गशीर्षात नव्हता.
"मॅडम, हा ओढा नव्हेच,"
धनवड्यांनी ताकाचा पेला पुढे केला,
"हा चर. चर लिहा."

चर. दोन अक्षरं.
ओढा. तीही दोनच.
रकान्यात जागा सारखीच लागते.

लिहिलाय मी एकदा चर,
तिकडे रहिमतपूरच्या बाजूला, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी.
साहेब म्हणाले, मी फार विचारलं नाही.
आता तिथे मंगल कार्यालय आहे.
मावसभावाच्या मुलीचं लग्न तिथेच लागलं.
पंगतीत जिलबी वाढत होते
आणि मांडीखालच्या फरशीतून
कुणीतरी चूळ भरावी तसा
आवाज येत होता.
शेजारणीला विचारलं, ऐकू येतंय का.
ती म्हणाली, सनई लावलीय ना.

बाबू परीट तेवढ्यात आला. बोलला काही नाही.
कोयत्यानं घाणेरी सारली बाजूला,
मुरमाच्या ढिगात दोन्ही हात घालून
उकरत राहिला घुशीसारखा.
खाली दगड निघाला.
काळा, मधोमध खोलगट,
गावभरच्या धोतर-लुगड्यांनी झिजवलेला.
"आमचा थोरला इथं उभा ऱ्हायचा, गुडघाभर पाण्यात.
ह्याच्या मागं कोरडं. ह्याच्या म्होरं वढा."

"दगड काय पुरावा झाला?"
मी जुना नकाशा उलगडला, कापडावर डकवलेला.
घडीवर फाटला होता,
नेमका त्याच जागी.

मग टेप दगडालाच लावला.
शकीलाचा पोरगा दुसरं टोक घेऊन पळत सुटला
आणि नऊ मीटरवर थांबला
धनवड्यांच्या नव्या गेटच्या आत.
फक्की टाकली.
खुंटी ठोकायला काही सापडेना,
तर गोटा धनवड्यांनीच उचलून दिला.
सवयीनं दिला असेल.
देऊन झाल्यावर बघत राहिले स्वतःच्या हाताकडे.

सह्या झाल्या. मुलाण्यांची उर्दू वळणाची,
धनवड्यांची कागद टोचून.
राहिला पूर्वेचा रकाना.
उठायला म्हणून दगडाला हात टेकला.
बुडाशी वाळू गार.
बोट खुपसलं, ओली.

लिहिलं: हजर.

ऑफिसात विचारतील, हे काय मॅडम.
विचारू देत.
फेरमोजणीचा अर्ज करता येतो, हरकत नाही.
तारीख तेवढी श्रावणातली घ्या म्हणेन.