इल्मार्सचं विरजण

रीगात यंदा मार्च सरला तरी नदीवर बर्फ होता,
आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर
बर्चच्या सालीचं पोतं.
प्लायवूडच्या कारखान्यातून फुकट येतं,
त्यांना ती जाळायचीच असते.

साल पांढरी का, हे शाळेत मला कुणी सांगितलं नाही.
अल्कोहोलमध्ये उकळा, गरम असतानाच गाळा,
निवता निवता तो पांढरेपणाच तळाशी बसतो,
पिठूळ, बिनवासाचा, बोटाला धरून राहणारा.
बेट्युलिन.
झाडाचा रंग मी चमच्याने मोजते,
दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत.

त्याच्या अंगावर दोन हायड्रॉक्सिल.
मला एकच बदलायचाय,
दुसऱ्याला धक्का न लावता.
एवढंच काम. चौथं वर्ष चालू आहे.

फ्लास्क बर्फात, श्वास घशात,
क्रोमियमचं नारिंगी पाणी थेंब थेंब सोडायचं.
ते हिरवं पडत जातं,
आणि कुठल्या थेंबाला थांबायचं होतं
हे पुढच्या थेंबानंतर कळतं.

दोनशे चौदाव्या खेपेला मिळालं
मधासारखं काहीतरी.
काचेला लपेटून बसलेलं,
ना वाहायला तयार, ना गोठायला.
फ्रीजरमध्ये ठेवलं. हेक्सेन घातलं. ईथर घातलं.
काचेच्या कांडीने आतून खरवडलं,
लहान मुलाला उठवावं तसं, आधी हळू, मग चिडून.

वेल्गा बघत होती.
पेन्शन लागून सहा वर्षं झाली, तरी येते.
ईथरची बाटली उघडी राहिली
तर जिन्यातूनच ओरडते.
म्हणाली, "विरजण नाही लावलंस, तर कसं लागेल?"

खालच्या फळीतून तिने एक बाटली काढली.
बूच हातात घेताच चुरलं.
लेबल पेन्सिलीने लिहिलेलं, म्हणून टिकलेलं:
इ. काल्वान्स, ८७.
पुढे एक प्रश्नचिन्ह.
तळाशी साखरेच्या दोन कणांइतकं काहीतरी.

"तोही हेच करत होता," वेल्गा म्हणाली.
"बोलायचा कमी. दुपारी भाकरीवर हेरिंग ठेवून खायचा,
आणि हात मात्र तीनदा धुवायचा."

एक कण सोडला.
रात्री दिवे बंद केले, पंखा चालू ठेवला.
सकाळी फ्लास्कभर सुया:
पांढऱ्या, एकमेकींत अडकलेल्या,
खिडकीवर धरलेल्या बर्फापेक्षा नीटनेटक्या.
मी वेल्गाला मिठी मारली. तिला ते आवडत नाही.

दुपारी तपासणीचा कागद आला.
एक नाही, दोन्ही बदलले होते.
मला नको असलेलंच, अगदी शुद्ध.

विरजण ज्याचं, दही त्याचं.
तो ज्या थेंबाला थांबला नाही
त्याच थेंबाला मीही नाही थांबले,
मधे एक देश मोडला, एक उभा राहिला,
चलन दोनदा बदललं,
आणि चूक तशीच, कोरडी, बुचाखाली.

त्याला हा कागद मिळालाच नसावा.
यंत्र तेव्हा मॉस्कोत होतं, म्हणे,
आणि रांग लांब.

प्रश्नचिन्ह मी खोडलं नाही.
त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलं: दोन्ही.
शेजारी माझी बाटली ठेवली, नवं बूच लावून.

वेल्गाने चहा टाकला.
मी पोत्यात हात घातला.
आज साल ओली होती, आधी वाळवावी लागेल.