टॉवेलाखालची बोटं

तेव्हा शाहूपुरीत गुळाचा भाव
तोंडानं कुणी बोलत नसे.
खांद्यावरचा टॉवेल दोन हातांवर पडायचा,
आत बोटं बोटांशी बोलायची.

पायगोंडा मगदूम माल उतरवायचा, एकशेदहा रवे,
चहा घ्यायचा
आणि हमालांच्या बाकड्यावर आडवा व्हायचा.
"भाव काय धरू?" मी विचारायचो.
"तुमी बघा की. तुमचा हात त्योच माझा."

बावीस हंगाम तो असा झोपला.

त्या मंगळवारी सकाळीच भावनगरचा फोन होता:
तीन ट्रक, दुपारपर्यंत, भावाचं बघू नका.
हे पेठेत मला एकट्याला ठाऊक.
मी टॉवेल टाकला. समोर माझा भाचा, सुकुमार.
त्या सकाळचा सगळ्यात वरचा आकडा
त्यानं माझ्या बोटांवर दाबला,
आदल्या तासाला मीच शिकवलेला.

पट्टीत खोट नव्हती.
तोलाई, हमाली, अडत, सगळं चोख.
पैसे चारच्या आत, कोऱ्या नोटा.
तोवर तोच गूळ गाडीत चढला होता
रव्यामागं सतरा रुपये जास्तीनं.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात.
मी तर पानसुद्धा ओरबाडलं नव्हतं.
असं बायकोला सांगितलं,
पंचगंगेत पाय सोडून बसलो तेव्हा
स्वतःलाही सांगून बघितलं.

दिवाणजीनं टाक पुसला, वही मिटली.
"अण्णा, बुडवलं असं कोण म्हणतंय?
टॉवेलाखाली दोन हात असत्यात.
एक घेणाऱ्याचा. तो तुमचा होता.
मग मगदुमाचा कुठला?"

अठरा दिवस हा प्रश्न
गुळाच्या ढेपेवरच्या मुंगळ्यासारखा.
झटकला तरी तिथंच.

मग शियेला गेलो, त्याच्या गुऱ्हाळावर.
काहील उकळत होती, त्याला हलता येत नव्हतं.
मी सगळं सांगितलं. फोनसुद्धा.
अठराशे सत्तर रुपये पुढं धरले.

त्यानं मळी काढली. पाक बघितला.
हात धोतराला पुसले,
आणि ज्या माणसानं बावीस वर्षं
माझी पट्टी न उलगडता टोपीत खोवली,
त्यानं बोटाला थुंकी लावून
एकेक नोट मोजली.

पुढच्या हंगामात माल घेऊन आला.
माझ्याच गाळ्यावर.
चहा घेतला.
बाकड्यावर बसला, ताठ,
सौदा संपेपर्यंत डोळे उघडे.