सहा पाय

मुहोंजा केळी आदल्या दिवशी घेत नाही,
चार दिवस आधीच मुरवायला ठेवते:
काळी पडलेली, देठातून पाणी सुटलेली,
वर मूठभर गूळ, आणि कुणाच्या तरी घरची उरलेली दारू.
बादली माझ्याकडे.
माझ्या शर्टाला आठवडाभर तोच वास;
मोटारसायकलवाला इंगोसी
मला मागे बसवताना नाक मुरडतो.

काकामेगाच्या जंगलात आम्ही सहाला शिरतो.
फुलपाखरं उठलेली नसतात.
"ऊन आल्याशिवाय त्यांचं इंजिन लागत नाही," ती म्हणते,
आणि फ्लास्कमधला चहा
आधी स्वतःला ओतते, मग मला.

तिचे वडील शिटाखा, जाळीवाले.
परदेशातल्या पेट्यांसाठी पकडायचे.
छातीला हलका चिमटा, की कागदाच्या घडीत.
नगाला ठरलेले शिलिंग, फाटक्या पंखाला निम्मे.
मुहोंजाकडे कॅमेरा आहे, चौथ्या हाताचा.
भिंगाच्या कडेला एक चरा,
तो प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात
भातात केस यावा तसा येतो.
तिला त्याचं काही नाही.
"फाटक्याचाही अख्खा फोटो निघतो," एवढंच.

मला तिनं शिकवलं ते असं:
ऊन समोर ठेव, नाहीतर तुझी सावली तुझ्याआधी पोचते.
गुडघे चिखलात जाऊ देत.
श्वास सोडून झाल्यावर बोट दाब.
आणि उघड्या पंखांवर भाळू नकोस,
ते जगाला दाखवायचे असतात.
नाव खालच्या अंगाला असतं.
मिटेपर्यंत थांब.

मी थांबत नाही. अजून तेवढं जमत नाही.

परवा ओढ्याच्या वळणावर घाणेरीच्या फुलांवर
एक काळं बसलं, मोठ्या पांढऱ्या डागांचं.
मी मान वर न करता वहीत लिहिलं: अमॉरिस.
कडू जात. पक्षी एकदा चाखतो,
थुंकतो, पुन्हा वाटेला जात नाही.
सहा वर्षांत अशी एकशे चौदा आहेत वहीत,
निम्म्याहून अधिक माझ्याच अक्षरात.

तिनं पाच फोटो काढले.
मुळावर बसून शेवटचा मोठा करत गेली,
बटण, पुन्हा बटण,
पंख गेले चौकटीबाहेर, मिशा गेल्या,
राहिलं पोट, फूल, आणि काड्यांसारखं काहीतरी.
"मोज."
सहा.
"परत."
सहाच. एक दांड्याआड होता, पण होता.

कडू जात चारांवर उभी राहते,
पुढचे दोन छातीशी आखडून, थंडी वाजल्यासारखे.
हिचे सहाच्या सहा फुलावर टेकलेले.
म्हणजे ही त्या शेपटीवाल्या पिवळ्या नराची मादी,
शेपटी टाकून,
शेजारणीचं लुगडं नेसून
भर उन्हात बसलेली,
चवीला बहुधा गोड.

मुहोंजा इतकी हसली
की वरची माकडं फांदी सोडून गेली.
"पक्ष्यांना फसवायला निघालेली,
वाटेत आपण दोघं भेटलो."

मग एकशे चौदांचं काय?
खोडायचं नाही, म्हणाली.
रात्री दिव्याखाली जुने फोटो काढले.
बऱ्याच ठिकाणी पाय फुलात बुडालेले,
काही माझ्या हाताच्या थरथरीत पुसलेले.
एकोणीस स्पष्ट. त्यातली तीन सहा पायांची.
बाकीच्यांपुढे तिनं मला लिहायला लावलं:
पाय दिसत नाहीत.
पंचाण्णव वेळा. माझा अंगठा दुखून आला.

मध्येच पेन थांबवून ती म्हणाली,
"बाबांच्या पेट्यांतली अजून मोजता येतील.
कुठल्यातरी तळघरात.
टाचणीखाली सगळे पाय जागेवर असतात."
पुढे काही म्हणाली नाही.
मीही बादली धुवायच्या निमित्तानं उठलो.

बाहेर इंगोसी थांबला होता.
"आज काय मिळालं?"
"सहा पाय," मी म्हणालो.
त्यानं नाक मुरडलं,
थोडं पुढे सरकून बसला,
आणि गाडीला किक मारली.