मचूळ

स्फाक्सहून पहिल्या फेरीबोटीने बेटावर उतरलो, खांद्यावर टाकी,
पिशवीत तीन पांढरी नळकांडी, ड्रिल, टेफ्लॉनची फीत.
मब्रूकाबाईंच्या स्वयंपाकघरातली भिंत
बोट लावताच भुगा होते, मीठ मुरलंय तिच्यात.
चार स्क्रू सुटले,
पाचवा कसाबसा धरला.

"म्हणजे पाणी गाळणार?"
गाळणार नाही, म्हटलं, पिळून काढणार.
मीटर बुडवून दाखवला: विहिरीचं दोन हजार चारशे,
नळीतून थेंबथेंब आलेलं, एकतीस.
त्यांनी तो चहाच्या पेल्यातही बुडवायला लावला
आणि आकडा पाहून उगाच हसल्या.

काळी नळी बादलीत सोडली होती. तिची धार जाड.
"आणि हे?"
टाकायचं. चार तांब्यांतले तीन.
"कुठे?"
मी खिडकीबाहेर बोट केलं,
ऑक्टोपस धरायची मडकी वाळत पडली होती तिकडे, समुद्राकडे.
"तिथूनच तर शिरतं ते माझ्या विहिरीत."
यावर कंपनीने पत्रक छापलेलं नाही.

पावती लिहिताना तिरक्या नजरेनं पाहिलं.
नव्या पाण्याचा घोट त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला.
अळणी, असं काहीसं पुटपुटल्या,
आणि माझ्याकडे पाठ करून
मिठाची बरणी उघडली.