झेबोआ

कुमासीच्या आडुम बाजारात आमचं दुकान म्हणजे
दोन माणसं आडवी मावणार नाहीत असा एक बोळ.
भिंतीला लॅपटॉप, छताला वायरी,
सगळी यंत्रं आधी कुणीतरी वापरून टाकलेली.

मॅडम येबोआ आली तेव्हा शटर अर्धंच वर होतं.
वाकून आत शिरली, स्टुलावर बसली, म्हणाली,
"बेक्वाईच्या कोको सोसायटीचं ऑफिस.
पत्रं, पावत्या, पोत्यांची वजनं, महिन्याचा पगार.
खेळ नाहीत, सिनेमे नाहीत.
तेराशे सेडी आहेत. तेराशे एक नाहीत."

मी आधी चकचकीत तो काढला. धंदाच तसा.
रुपेरी, पानासारखा पातळ.
तिनं दोन्ही हातांनी उचलला,
कोंबडी जोखावी तसा वरखाली केला,
किंमत ऐकली, आणि खाली ठेवला.
नाकापेक्षा मोती जड.

दुसऱ्याची बिजागरी तिनं ऐकली,
हो, ऐकली, कान लावून.
मग पंख्याच्या जाळीचा वास घेतला:
"हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात होता."
तिसऱ्यात जुनी, फिरणारी डिस्क.
तो सुरू होईतो तिनं पिशवीतलं केळं सोलून खाल्लं,
साल घडी करून परत पिशवीत ठेवली,
तरी पडद्यावर वर्तुळ गरगरतच होतं.
"हा माझ्याआधी रिटायर होईल."

चौथा काळा, जाडजूड, कोपरे झिजलेला,
जर्मनीतल्या कुठल्याशा नगरपालिकेतून आलेला.
पाठीवर नंबराचं स्टिकर,
नखानं निघत नाही, मी बघितलंय.
आठ जीबी, एसएसडी, अर्ध्या मिनिटात जागा.
"आणि वीज गेली की?"
"दोन तास दहा मिनिटं."
का कोण जाणे, खरंच सांगावंसं वाटलं.
"आमच्याकडे तीन तास जाते."
"मग शेवटच्या तासाला पत्रं हातानं लिहा."
ती हसली नाही.
पण उठलीही नाही.

मग तिनं स्वतःचं नाव टाइप केलं.
पडद्यावर उमटलं: झेबोआ.
पुन्हा केलं. झेबोआ.
मी म्हणालो, जर्मन कीबोर्ड, मॅडम,
तिकडे वाय आणि झेड एकमेकांच्या जागी बसतात,
सवय होईल.
"मला होईल. माझ्या नवऱ्याच्या कुळाला?"
साडेचौदाशेचे तेराशे झाले.
ती स्टुलावरून तसूभर हलली नाही.
तेराशेचे बाराशे.

नोटा मोजून झाल्या, मी पावतीवर सही केली,
तिनं ती पदराआड, म्हणजे कमरेच्या कापडात खोवली,
आणि मग म्हणाली,
"आता ते सेटिंग आपल्याकडचं कर."
"करतो. पण बटणांवरची अक्षरं तशीच राहतील!"
"बटणांकडे बघतंय कोण?"

आणि माझ्याकडे बघत बघत
दहाही बोटं सोडली तिनं:
मिशन शाळेच्या टाइपरायटरवर छड्या खाल्लेली,
एकोणीस वर्षं कोकोची वजनं मांडलेली बोटं.
येबोआ. बेक्वाई. पोती चौसष्ट. ओली तीन.
एक चूक नाही.

कीबोर्डखाली डावीकडे एक गुळगुळीत डाग होता,
तिकडच्या कुणीतरी वर्षानुवर्षं मनगट टेकल्याचा.
तिचं मनगट नेमकं तिथंच टेकलेलं मी पाहिलं.
तिला सांगितलं नाही.

उरलेल्या शंभरात तिनं माऊस मागितला.
दिला.